रोजचा अर्धा तास आपला

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचायच्या. हात कामात, ध्यान गाण्यात. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्यांनी जेवढी उतरवून घेतली, तेवढीच उरली. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली गाण्यांचं पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण न लिहिलेली गाणी त्यांच्याबरोबरच गेली.

अक्कल आपल्यालाही आहे. मग आपलं दुसऱ्यानं का लिहावं? म्हणून आम्ही गटात ठरवलं: रोज अर्धा तास स्वतःचा, आणि तीन महिने एकच गोष्ट शिकायची. आधी पासबुक वाचणं, मग व्याज. ५,००० रुपये कर्ज, महिना शेकडा १ रुपया, तर पहिल्या महिन्याचं व्याज ५० रुपये. हे आता एकट्या सचिवताई नाही, आम्ही सगळ्याजणी सांगतो.

घरचे विचारतात, "या वयात शिकून काय करणार?" सांगायचं, "कागद वाचून मगच सही करणार." बायांनो, भांडी घासून झाली की आजच वही उघडा.