गजकर्णाचं मलम : आधी ट्यूब वाचा

 

मी आशा म्हणून काम करते. बाळंतपण, लसीकरण, वजन-उंची यावर मी तुमच्याशी नेहमी बोलते. आज मात्र ज्या दुखण्याबद्दल आपण चारचौघीत बोलत नाही, त्यावर बोलणार आहे. कमरेला, जांघेत, छातीखाली, काखेत खाज सुटते, गोल गोल लाल चट्टे उठतात, कडेला बारीक पुरळ असतं आणि मधली जागा बरी झाल्यासारखी दिसते. त्याला कुणी गजकर्ण म्हणतं, कुणी नायटा. दिवसभर पदराआडून खाजवायचं आणि रात्री झोप नाही. सांगायचं कुणाला, म्हणून गप्प बसायचं.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला कमरेला, परकराच्या नाडीखाली गजकर्ण झालं. मेडिकलमध्ये गेले, ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हटलं. त्यांनी एक ट्यूब दिली. काय सांगू, दुसऱ्या दिवशी खाज बंद आणि चार दिवसांत लाली गेली! मी खूश झाले. माझ्या धाकट्या जाऊबाईलाही जांघेत तसंच झालं होतं. ती म्हणाली, “ताई, तुमचं बरं झालं, मलाही द्या ना.” मी उरलेली ट्यूब तिला दिली.

माझं महिन्याभरात परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. तिला मात्र मलम लावलं की आराम पडायचा आणि सोडलं की आग व्हायची. म्हणून ती लावतच राहिली. ट्यूब संपली की नवी आणायची. असे आठ महिने गेले. शेवटी चट्टे मांड्यांवर उतरले आणि पोटावर चढले. पोराला झालं, भाऊजींनाही झालं. तालुक्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा तिच्या जांघेतली कातडी पातळ झाली होती आणि बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसे ताणाचे लाल वण पडले होते. डॉक्टर म्हणाले, “गजकर्ण बरं होईल, हे वण मात्र पूर्ण जाणार नाहीत.” त्यांनी विचारलं, “हे मलम कुणी दिलं?” जाऊबाई म्हणाली, “दुकानातून आणलं.” मी शेजारीच उभी होते, पण तिने माझं नाव घेतलं नाही.

त्या दिवसानंतर मी आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून हा विषय नीट समजून घेतला. तोच आज तुम्हाला सांगते.

गजकर्ण ही बुरशी आहे. पावसाळ्यात भाकरीवर, लोणच्यावर बुरशी येते, तशीच पण वेगळ्या जातीची बुरशी आपल्या कातडीवर वाढते. तिला ओल, ऊब आणि घाम लागतो. ती मारायला बुरशीचं औषध लागतं. त्या ट्यूबमध्ये मात्र बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड नावाचं दुसरं औषधही होतं. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबून टाकतं. शिवाय कातडीची लढायची ताकदही कमी करतं, त्यामुळे बुरशी आतल्या आत पसरते. शेतातली हरळी आठवा. वरवर खुरपली की दोन दिवस रान स्वच्छ दिसतं, पण खालच्या काड्या पसरतच असतात. तसंच हे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. काही आजारांत डॉक्टर ते मोजून-मापून, ठरावीक दिवसांसाठी देतात. पण गजकर्णावर स्वतःच्या मनाने ते लावू नये. 2018 साली केंद्र सरकारने नियम बदलून 14 स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती सहज हातात पडतात. अशा मलमांचा वापर वाढला, तसं आपल्या देशात गजकर्णही हट्टी झालंय, असं त्वचेचे डॉक्टर सांगतात. पूर्वी ज्या औषधाने हमखास बरं व्हायचं, ते आता काहीजणींना लागू पडत नाही.

मग ओळखायचं कसं? ट्यूबवर मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. ते सोडून द्या. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत औषधांची नावं असतात. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला किंवा पुतण्याला वाचायला सांगा. दोन शब्द लक्षात ठेवा : ‘बेटा’ आणि ‘सोन’. औषधाच्या नावात कुठेही बी-ई-टी-ए, म्हणजे बेटा आलं, किंवा शेवटी एस-ओ-एन-ई, म्हणजे सोन आलं, तर बहुतेक ते स्टेरॉइड. क्लोबेटासॉलमध्ये बेटा आहे. बीटामिथॅसोनमध्ये बेटाही आहे आणि सोनही. मोमेटासोन, डेक्सामिथॅसोन यांच्या शेवटी सोन आहे. नावात सोन असलं तरी आपल्यासाठी ते सोनं नाही. हां, जखमेला लावायच्या बेटाडीनच्या नावातही बेटा आहे, पण ते कंपनीचं नाव आहे आणि त्यात स्टेरॉइड नसतं. म्हणून म्हणते, मोठं नाव नको, बारीक अक्षरं वाचा.

बुरशीच्या औषधांची नावं बहुतेक ‘झोल’ने संपतात : क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल. एक टर्बिनाफिनही आहे. आता नीट ऐका. क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासॉल कानाला सारखीच वाटतात. पहिलं बुरशी मारतं, दुसरं स्टेरॉइड आहे. दुकानात गडबडीत नुसतं ‘क्लो’ म्हणू नका. एकाच ट्यूबमध्ये झोल आणि बेटा दोन्ही लिहिलेले असतील, तर तेही मिश्रणच, ते घेऊ नका. ‘स्टेरॉइड नसलेलं, फक्त बुरशीचं मलम द्या’ असं स्पष्ट सांगायचं. त्याहून चांगलं म्हणजे आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं.

आता लावायचं कसं. आधी जागा साबण-पाण्याने धुवायची आणि कोरडी करायची. अगदी कोरडी. मग तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची. तेवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. जाड लेप देऊन लवकर बरं होत नाही. चट्ट्याची कड जिवंत असते, बुरशी तिथून बाहेर पसरते. म्हणून दिसतो तेवढ्याच चट्ट्यावर न लावता कडेच्या बाहेर एक-दोन बोटं जागा धरून लावायचं. बाहेरून आत चोळत यायचं आणि मग हात धुवायचे. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा लावतात, काही मलमं एकदाच लावायची असतात. ते विचारून घ्या.

सगळ्यात मोठी चूक आपण पुढे करतो. आठ दिवसांत खाज थांबते आणि आपण ट्यूब फळीवर ठेवून देतो. डाग दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे मलम लावायचं. एकूण महिनाभर तरी धरून चाला. खाज गेली म्हणजे बुरशी गेली असं नाही.

मलमाइतकंच महत्त्व कपड्यांना आहे. आपण आतले कपडे साडीखाली, कोपऱ्यात, सावलीत वाळत घालतो, कुणाला दिसू नयेत म्हणून. ते दमट राहतात आणि तेच आपण अंगात घालतो. बायांनो, कपडे उन्हात वाळण्यात लाज कसली? उलटे करून कडक उन्हात टाका. चट्टा असेल तोवर ते गरम पाण्यात वेगळे धुवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. परकराची नाडी करकचून बांधू नका. भातलावणीतून, खुरपणीतून ओल्या कपड्यांनी आलात, तर चुलीपुढे बसण्याआधी कपडे बदला. पायाच्या बोटांत चिखल्या होतात, तिथेही हाच नियम : धुवा आणि बोटांच्या मधली जागा पुसून कोरडी करा. घरात दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांचा उपचार एकाच वेळी करायचा, नाहीतर ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतं. गोठ्यातल्या वासराच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी गोल चट्टे असतील तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. तेही माणसाला लागतं.

लसूण वाटून बांधणं, लिंबू चोळणं थांबवा. कातडी भाजते आणि जखम वर होते.

काही वेळा नुसत्या मलमावर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. मुलाच्या डोक्यात चट्टा पडून केस गळत असतील किंवा नखाला बुरशी असेल, तर बहुतेक वेळा पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. चट्टे अंगभर असतील, पू किंवा ताप असेल, मधुमेह असेल, दिवस गेले असतील, किंवा दोन आठवडे नीट लावूनही फरक नसेल, तरीही जा. कातडीचं मलम योनीच्या आत लावू नका. अंगावर पांढरं जात असेल, तर त्याची तपासणी आणि औषध वेगळं आहे. आणि एखादा चट्टा फिकट किंवा तांबूस आहे, त्याला खाज नाही, बोट लावलेलं कळत नाही, तर ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. घाबरू नका, लपवू नका. सरकारी दवाखान्यात त्याचा उपचार मोफत मिळतो आणि वेळेत घेतला तर आजार पूर्ण बरा होतो.

तुमच्यापैकी कुणी स्टेरॉइडचं मलम महिनोन्‌महिने लावत असेल, तर तिने स्वतःला दोष देऊ नये. ती ट्यूब पिशवीत घालायची आणि डॉक्टरांपुढे ठेवायची. अचानक बंद केल्यावर आग, लाली वाढते आणि बाई परत तेच लावते. म्हणून बंद कसं करायचं, ते त्यांच्याकडूनच समजून घ्यायचं.

माझी जाऊबाई आता बरी आहे. चार महिने गोळ्या आणि मलम चाललं. वण आहेत. मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “ताई, तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? पण आता ठाऊक झालंय ना, मग सांगा सगळ्यांना.” म्हणून आज बोलले.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या सगळ्या ट्यूब घेऊन या. अर्ध्या, पिळलेल्या, फळीवर पडलेल्या, सगळ्या. एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी ‘बेटा’ आणि ‘सोन’ शोधायचं. ज्यात सापडेल ती ट्यूब बाजूला काढा आणि तुमच्या आशाताईला दाखवा. आणि आपली उरलेली ट्यूब जावेला, नणंदेला, शेजारणीला देऊ नका. द्यायचंच असेल, तर तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत चालत जा.

येते मग. काळजी घ्या. नमस्कार.