तपासातून सवड मिळाली तर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दूरचित्रवाणीवरच्या गुन्हेगारी मालिकांचा विषय निघाला, की आपण खून, पुरावे आणि संशयित यांच्याबद्दल बोलतो. मला आज त्या मालिकांतल्या प्रेमाबद्दल बोलायचं आहे. काही श्रोत्यांना हसू येईल. टेबलावर प्रेत पडलंय आणि याला प्रेम कसलं सुचतंय! पण जरा ऐकून घ्या. माझ्या मते आपल्या छोट्या पडद्यावरचं सगळ्यांत सभ्य प्रेम याच मालिकांत सापडतं.

मी ‘सी.आय.डी.’चा जुना प्रेक्षक आहे. बी. पी. सिंग यांची ही मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. दीड हजारांहून अधिक भाग झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा पडद्यावर आली. मालिका हिंदी, पण तिचा पत्ता मुंबईचा आणि तिचा कर्ता पुरुष आपला शिवाजी साटम. त्यांचा एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत विचार करू लागला, की आपल्याकडे शाळकरी मुलंही तशीच बोटं फिरवायची. आदित्य श्रीवास्तवचा अभिजीत, दयानंद शेट्टीचा दया, नरेंद्र गुप्तांचे डॉक्टर साळुंखे ही मंडळी घरातलीच झाली होती.

या मालिकेत पुढे डॉक्टर तारिका आली. श्रद्धा मुसळेनं ती साकारली. तारिका साळुंखेंच्या प्रयोगशाळेत काम करते. अभिजीत अहवाल घ्यायला येतो. अहवाल तर हवाच असतो, पण त्याची नजर आधी तारिकाला शोधते. तो काहीतरी गोड बोलतो, ती ओठातल्या ओठात हसते, आणि तेवढ्यात साळुंखे टोमणा मारतात. लगेच दोघंही कामाला लागतात. विष कोणतं होतं, मृत्यू किती वाजता झाला, नखाखाली काय सापडलं. हे सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा होत नसेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढंच. अशी वर्षांमागून वर्षं गेली.

प्रेम इतकं हळू का चाललं, याचं एक साधं कारण मालिकेच्या घडणीत आहे. खुनाचं एक प्रकरण एका भागात, फार तर दोन-तीन भागांत संपवायचं, अशी ती रचना. चार आठवडे चुकवून आलेल्या प्रेक्षकालाही गोष्ट कळली पाहिजे. त्यामुळे पात्रांच्या खासगी आयुष्यात फार उलथापालथ करता येत नाही. याउलट २००० सालानंतर घराघरांत शिरलेल्या रोजच्या कौटुंबिक मालिका पाहा. तिथे एकेक लग्न आठवडाभर चालतं आणि तेच लग्न मोडायला पुढे वर्ष लागतं. तिथे प्रेम हाच धंदा असतो, म्हणून ते सतत दाखवावं लागतं. ‘सी.आय.डी.’त धंदा तपासाचा, म्हणून प्रेमाला तपासातून उरलेली सवड मिळते. हे कोणी फार विचार करून योजलं होतं, असा माझा दावा नाही. पण अडचणीतूनही कधी कधी चांगली गोष्ट निघते.

मला यात गझल दिसते. वली आणि सिराज या दोन मोठ्या शायरांचं नातं ज्या शहराशी आहे, त्या शहरातल्या माणसाला ती दिसणारच. गझलेत प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो. एका शेराचा विषय दुसऱ्यात यायलाच हवा असं नाही. पण शेराच्या शेवटी रदीफ, म्हणजे तेच ते शब्द, पुन्हा येतात आणि सगळं एका धाग्यात बांधलं जातं. मालिकेचा प्रत्येक भाग म्हणजे एक सुटा शेर. खून वेगळा, घर वेगळं, खुनी वेगळा. प्रयोगशाळेतली ती अर्ध्या मिनिटाची नजरानजर म्हणजे रदीफ. ती येणार हे आपल्याला माहीत असतं, म्हणूनच आपण तिची वाट पाहतो.

दया आणि श्रेया यांची गोष्ट आणखी शांत. जान्हवी छेडाची श्रेया ही पथकातलीच अधिकारी. बंद दार तोडायचं असलं, की साहेब दयालाच हाक मारतात. त्याच्या एका लाथेत दार आत पडतं. त्याच दयाला श्रेयापुढे मनातलं बोलता येत नाही. धिप्पाड माणसाचं हे अवघडलेपण दयानंद शेट्टीनं फार प्रामाणिकपणे दाखवलं.

याआधी १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ आली होती. मूळ कथा शरदिंदू बंदोपाध्याय यांच्या. हे बंगाली लेखक चित्रपटांसाठी मुंबईत आले आणि पुढे पुण्यात राहिले. त्यातल्या एका कथेत सत्यवतीच्या भावावर खुनाचा संशय येतो. ती ब्योमकेशकडे मदत मागायला येते आणि तिथून त्यांचं जुळतं. रजित कपूर ब्योमकेश होता आणि सत्यवती होती आपली सुकन्या कुलकर्णी. तिथे लग्न झालं, पण प्रेमाची जातकुळी तीच. आधी काम, आधी सत्य, मग स्वतःचं सुखदुःख.

परदेशातही हे चालतं. अमेरिकेत १९९३ मध्ये ‘द एक्स-फाइल्स’ सुरू झाली. तिच्यातले मल्डर आणि स्कली हे दोन अधिकारी वर्षानुवर्षं एकमेकांना आडनावानंच हाक मारत राहिले. स्कली डॉक्टर, शवविच्छेदन करणारी. प्रेक्षक त्या आडनावातच सगळं ऐकत होते.

आता मूळ मुद्दा. आपल्या सिनेमानं मुलांना प्रेम कसं शिकवलं? मुलगी नको म्हणाली तर पाठलाग करा, रस्ता अडवा, गाणं म्हणा, शेवटी ती हो म्हणेल. पडद्यावर तो नायक असतो. कॉलेजच्या रस्त्यावर त्यालाच आपण रोडरोमिओ म्हणतो आणि त्याच्यासाठी पोलिसांना दामिनी पथक नेमावं लागतं. खेड्यापाड्यांत याची किंमत मुलीच देतात. रस्त्यावर त्रास होतो म्हणून मुलाला कोणी घरी बसवत नाही, मुलीची शाळा सुटते.

अभिजीतकडे पाहा. कमरेला पिस्तूल, हातात अधिकार. समोरच्या संशयिताला घाम फोडणारा माणूस. पण तारिका त्याच्या हाताखालची नाही. तिचं ज्ञान तिचं आहे. त्याचा तपास तिच्या अहवालावर अडलेला असतो आणि तो तिथे विचारणारा म्हणून उभा असतो. ती हसली तर तो एक वाक्य पुढे जातो. साळुंखेंनी डोळे वटारले तर दोन पावलं मागे सरतो. आपला अधिकार त्यानं या नात्यात कधी वापरला नाही. आई-बाप आणि वयात आलेली मुलं एका खोलीत बसून हे प्रेम पाहू शकली, कोणाला रिमोट शोधावा लागला नाही.

प्रेतासमोर हसणं बरं दिसतं का, असं कोणी विचारेल. दोघंही मेलेल्या माणसाची चेष्टा करत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. ज्यांना रोज मृत्यू हाताळायचा असतो, त्यांनी जिवंतपणाची खूण कुठे ठेवायची? या अधिकाऱ्यांचं घर मालिकेत क्वचितच दिसतं. साहेबांनी तर स्वतःच्या मुलालाही गुन्हेगार म्हणून गमावलं. या माणसांना अंगण म्हणून ती प्रयोगशाळाच उरते.

पुष्कळ चाहत्यांची तक्रार होती, की इतकी वर्षं झाली, आता यांचं लग्न लावून द्या. मला ती घाई कधी झाली नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये, एसटीच्या डेपोत, एखाद्या कचेरीत वीस वीस वर्षं शेजारी बसून काम करणारी माणसं आपण पाहतो. डबा वाटून खातात, एक रजेवर असला तर दुसऱ्याचं लक्ष लागत नाही, आणि निवृत्तीच्या दिवशीही तोंडातून शब्द निघत नाही. अशा प्रेमाची पत्रिका छापली जात नाही, म्हणून ते नव्हतं असं कसं म्हणायचं? त्या माणसांना आपली गोष्ट पडद्यावर फार थोड्या वेळा दिसली. मुंबईतल्या एका खोट्या प्रयोगशाळेत, खऱ्या वाटणाऱ्या दोन माणसांनी ती दर आठवड्याला अर्धं मिनिट दाखवली. तेवढ्यासाठी मी कितीतरी खून आनंदानं पाहिले.