फिरता पाद्री आणि रानातला माणूस



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "फिरता पाद्री" असे उत्तर दिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडी चिंता उमटली. ती स्वाभाविक आहे. वसंत व्याख्यानमालेत संत येतात, शिवकाल येतो, अर्थकारण येते. पाद्री सहसा येत नाही. त्यातून व्याख्यान मोखाड्यासारख्या ठिकाणी. येथे या विषयावर दोन मते तयार असतात. एक म्हणते, पाद्री म्हणजे दयेचा अवतार. दुसरे म्हणते, पाद्री म्हणजे साखर दाखवून माणूस पळविणारा. दोन्ही मतांची एक मोठी सोय आहे : ती बाळगणाऱ्याला काही वाचावे लागत नाही, की कोणाला काही विचारावे लागत नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही आणि कोणाची वकिली करावयास उभा नाही. हा मनुष्य रानात येऊन करीत काय असे, विचारीत काय असे, आणि रानातल्या माणसाने त्यास उत्तर काय दिले, एवढेच मला आज पाहावयाचे आहे.

प्रथम त्याच्या फिरण्याची रीत सांगतो. आपल्याकडे पाऊस कसा पडतो हे तुम्हांस सांगावयास नको. जव्हार-मोखाड्याचा डोंगर आषाढात जगापासून तुटतो, हे रस्ते होईपर्यंतच्या कोणत्याही प्रवाशाला कबूल करावे लागले असते. तेव्हा पाद्र्याचा दौरा सुरू व्हावयाचा तो नागली-वरई कापून झाल्यावर, दिवाळीच्या पुढे. आणि आटोपावयाचा तो होळीच्या सुमारास, उन्हाने पाणवठे आटू लागत तेव्हा. बैलगाडीत राहुटी, भांडी, पुस्तकांची पेटी आणि औषधांची पेटी. गाडीवाट संपली की घोडे, घोडे थकले की पाय. आंब्याखाली राहुटी ठोकावयाची, सकाळी एक पाडा, संध्याकाळी दुसरा, आणि आठवडी बाजार असेल त्या दिवशी बाजार. पावसाळ्याचे चार महिने मात्र ठाण्यावर बसून भाषा शिकावयाची, भाषांतरे तपासावयाची आणि विलायतेस अहवाल पाठवावयाचे. हे अहवाल म्हणजे मोठी गमतीची वस्तू असते. पैसे देणारा दूर असल्यामुळे त्यात उजेड थोडा जास्त आणि अंधार फारच जास्त रंगविलेला असतो. मात्र अहवाल सोडून हा मनुष्य जेव्हा नुसते पाहिलेले लिहितो, तेव्हा तो फार उपयोगी पडतो.

असे पाहिलेले लिहिणारा एक माणूस म्हणजे डॉ. जॉन विल्सन. मुंबईच्या विल्सन कॉलेजामुळे नाव सर्वांना ठाऊक आहे. माणूस फारसा ठाऊक नाही. स्कॉटलंडात लॉडर नावाच्या गावी १८०४ साली त्यांचा जन्म झाला. १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट यांसह ते मुंबईस उतरले, आणि उतरल्यावर पहिले काम काय केले, तर हर्णै-बाणकोटकडे जाऊन मराठी शिकले. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत माणसाला त्याच्याच भाषेत गाठावयाचे, हा त्यांचा निश्चय होता. पुढे १८५७ मध्ये मोल्स्वर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तिला मराठी भाषेच्या घटकांविषयी विल्सननी टिपणे जोडली. १८३५ साली काठेवाडच्या दौऱ्यात गिरनारची अशोकाची शिळा त्यांनी पाहिली, तिची नक्कल करून घेतली, आणि ती प्रत कलकत्त्यास प्रिन्सेपच्या हाती गेली. दौऱ्यावरच्या पाद्र्याच्या पेटीतून असाही माल निघतो. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १८७५ च्या डिसेंबरात मुंबईसच वारले.

वादविवादातही हे गृहस्थ पट्टीचे. मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद १८३०-३१ च्या सुमारास गाजला, आणि दोन्ही बाजूंनी पुस्तके छापली गेली. १८३९ साली त्यांच्या शाळेतल्या पारशी मुलांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मुंबई ढवळून निघाली. शहरात जो मनुष्य शास्त्री आणि दस्तुर यांच्याशी ग्रंथ उघडून लढतो, तो रानात गेल्यावर काय करतो, हे मला पाहावेसे वाटले.

उत्तर कोकणच्या जंगलात हिंडून विल्सननी वारली आणि कातोडी या दोन जातींविषयी एक लेख लिहिला. तो लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ साली प्रसिद्ध झाला. कातोडी म्हणजे आपले कातकरी. खैराचा कात काढणारे म्हणून ते नाव. या लेखात विल्सननी वारल्यांशी झालेली प्रश्नोत्तरे दिली आहेत, आणि ती वाचताना मला खरोखर मौज वाटली. पाद्री विचारतो, तुम्ही कोणाची पूजा करता? वारली सांगतो, वाघ्याची. त्याला रूप काय? रूप नाही, शेंदूर नि तूप माखलेला धोंडा. त्याला देता काय? कोंबडे, बकरे, नारळ. तो देतो काय? वाघापासून राखतो, पीक देतो, रोगराई दूर ठेवतो. आता पाद्री सापळा लावतो : धोंडा हे सारे कसे करील? शहरातला वादपटू असता तर येथे लक्षणावृत्ती काढून बसला असता. वारली म्हणतो की त्या जागी धोंड्याखेरीज आणखी काही आहे. ते काय? ते आम्हांस ठाऊक नाही. वाडवडिलांनी दाखविले तसे आम्ही करतो.

मंडळी, हे उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचले. मूर्तिपूजेच्या समर्थनार्थ पुण्या-मुंबईच्या पंडितांनी जी पाने भरली, त्यांचे सार या माणसाने एका वाक्यात दिले आहे. आणि वर जे माहीत नाही ते माहीत नाही असे म्हणावयाची लाजही धरलेली नाही. पुढे विल्सन विचारतात, तुम्ही देवाला कधी रागे भरता का? वारली म्हणतो, भरतो तर! तुला कोंबडे दिले, बकरे दिले, तरी आम्हांस मारतोस, आता आणखी काय पाहिजे, असे आम्ही त्यास बजावतो. आणि मारता का? मारत मात्र नाही. आपल्या या भागात ज्यांनी वाघोबाच्या थळावर माणसे पाहिली आहेत, सूर्य-चंद्र आणि वाघ कोरलेला तो लाकडाचा किंवा दगडाचा देव पाहिला आहे, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. घरच्या कर्त्या माणसाशी भांडावे तसे हे भांडण आहे.

विल्सननी हे सारे अडाणीपणाचा पुरावा म्हणून लिहिले असेल. पण उत्तरे कापली नाहीत, सुधारली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. प्रश्न विचारणाऱ्याची बाजू फिकी पडावी अशी उत्तरे त्याने स्वतःच्या हाताने छापली, आणि म्हणून पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या वारल्याचा आवाज आज आपल्यापर्यंत पोचतो.

परंतु या संभाषणाचा सारा रोख देवाकडे आहे, हेही ध्यानात घ्यावे. त्याच रानात शंभर वर्षांनी दुसरी एक फिरती बाई आली. तिच्याजवळ बायबल नव्हते, लाल बावटा होता. गोदावरी परुळेकरांनी १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांस विचारले ते असे : ही जमीन कोणाची? वेठ का करता? लग्नासाठी सावकाराचे पैसे घेऊन नवराबायको दोघेही त्याचे लग्नगडी का होता? त्या वर्षी झरी गावी वारल्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला, आणि पुढचा लढा पेटला. "जेव्हा माणूस जागा होतो" हे त्यांचे पुस्तक १९७० साली आले. आता कोणी म्हणेल, पाद्र्याची आणि कम्युनिस्टाची तुलना कशाला? दोघेही बाहेरून आले, दोघांनीही पायपीट केली, दोघांनीही पाड्यावरची भाकरी खाल्ली, म्हणून तुलना. विचारलेल्या प्रश्नावरून येणाऱ्याची ओळख पटते.

म्हणजे पाद्री वेठीच्या काळात नुसता देवाच्या गोष्टी करीत बसला काय? तसेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या ब्रदरेन पंथाच्या लोकांनी डहाणूस आणि पुढे वाड्यास ठाणे मांडले. डहाणूचा मिशन दवाखाना जुन्या माणसांना परिचयाचा आहे. अडलेली बाळंतीण डोलीतून न्यावयाची तर त्या टापूत दुसरे दार किती होते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. या सेवेला मी मनापासून नमस्कार करतो. तरी एक प्रश्न उरतोच. ज्याच्याजवळ औषध आहे तो आणि ज्याच्या मुलाला ताप आहे तो, हे दोघे धर्माविषयी बोलू लागले तर ते बोलणे बरोबरीचे होईल काय? १९५६ साली मध्य प्रदेशातल्या नियोगी समितीच्या अहवालाने हाच मुद्दा मोठ्या कडक शब्दांत मांडला. आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्यात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. कायदा एवढे सांगू शकतो. ताप उतरल्यावर मुलाच्या बापाच्या मनात काय येते, ते कायद्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

या विषयाला आणखी एक अंग आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत अवघड. घराचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला, बोलणे झाले, त्याने नवा करार हाती दिला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ ला, टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा घेणाऱ्याला श्रद्धेचे बळ असते. पण आपल्या या डोंगराखालच्या नाशकाजवळचे जलालपूर ज्यांचे माहेर, त्या लक्ष्मीबाईंजवळ त्या वेळी काय होते? लहान मूल, नातलगांचे रडणे, आणि नवरा जिवंत असून तुटलेला. पाच वर्षे गेली, आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पायांनी. "स्मृतिचित्रे" हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. ते ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. धर्मांतरावरची शंभर भाषणे एका पारड्यात आणि त्या हसत सांगितलेल्या हकीकती दुसऱ्या पारड्यात. टिळकांचे "ख्रिस्तायन" अपुरे राहिले होते, तेही या बाईंनी पुढे नेले.

याआधी १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून मुंबईत केवढे रण माजले! कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. पण मिशनच्या घरी जेवलेला मुलगा जातीत कसा घ्यावा, येथे घोडे अडले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली आणि त्यापायी स्वतः टीका सोसली. मोठा भाऊ पुढे जालन्याजवळ बेथेल गाव वसवून मांग समाजात काम करीत राहिला. मिशनरी बायकांची किंमतही कोणी फारशी मोजत नाही. मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, आणि या देशात आल्यापासून सहा वर्षांतच, १८३५ च्या एप्रिलात, त्या वारल्या.

टिळकांविषयी आणखी एक सांगावयाचे राहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्याशाचे व्रत घेतले आणि "देवाचा दरबार" उभारू लागले. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तेथे ख्रिस्तभक्त म्हणून जागा होती. दोन वर्षांत त्यांचा अंत झाला आणि तो बेत अपुरा राहिला. पण परक्या पैशावर फिरणाऱ्या पाद्र्याच्या शब्दात काय कमी पडते, हे आतून ओळखणारा मनुष्य मिशनमध्येच होता, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

आता आपल्या दाराशी येऊ. आज डांबरी रस्ता आहे, दौऱ्याला दिवाळीची वाट पाहावी लागत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुले दगावली, त्यानंतर तर या डोंगरात येणाऱ्यांची रीघ लागली. सरकारी आले, संस्थावाले आले, संशोधक आले, सर्व धर्मांचे प्रचारक आले. प्रश्न मात्र पाड्यावर फार लहान रूपात उभा राहतो. दोन भाऊ, एक प्रार्थनेस जाऊ लागला. बोहाड्याची वर्गणी तो देणार की नाही? घरातल्या लग्नात धवलेरी गाणार की नाही? नवी नागली कणसरीपुढे ठेवावयाची ती एका चुलीवरून की दोन? कोणी सोंगे नाचविताना दूर उभा राहिला तर त्यास शिवी द्यावयाची, की ढोल वाजविण्यापुरते तरी बोलवावयाचे? जेथे थोरली माणसे शहाणी आहेत तेथे हे बसून मिटते. जेथे दोन्ही बाजूंना बाहेरचे सल्लागार असतात, तेथे ते पोलीस पाटलाकडे जाते, असा माझा अनुभव आहे.

येथे शिक्षकमंडळी बरीच दिसतात, म्हणून एक सुचवितो. विल्सनचे ते प्रश्न मराठीत उतरवून एका कागदावर घ्यावे आणि नववी-दहावीच्या मुलांना द्यावे. तुमचा देव कोणता, तो काय देतो, त्याला कधी रागे भरता का, मेल्यावर माणूस कोठे जातो. आपल्या आजीला विचारून तिच्याच बोलीत उत्तर लिहून आणा म्हणावे. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी, आणि ज्यांच्या घरी प्रार्थना चालते त्यांच्याही आजीला. काही आज्या प्रश्न ऐकून हसतील, तेही लिहून आणू द्या. जमिनीचे आणि वेठीचे प्रश्न मुलांनी त्यात आपल्या मनचे घालावेत. वह्या जमल्या की मला कळवा, मी पुन्हा येईन.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ पाहिले आहे.