नव्या वाचकाची पहिली अद्भुत कादंबरी

अद्भुतरम्य कादंबरीचे जग रोजच्या जगाहून वेगळ्या नियमांनी चालते आणि चांगली कादंबरी ते नियम शेवटपर्यंत पाळते. गालिचा उडतो एवढ्याने कादंबरी अद्भुत होत नाही. तो कोणासाठी उडतो, कोणासाठी उडत नाही आणि उडण्याची किंमत कोण मोजतो, हे ठरलेले असावे लागते. विज्ञानकथेत नवलाला विज्ञानाचा आधार असतो. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही त्या घराण्यातली. भयकथेला वाचकाच्या मनात भीती उभी करायची असते. नारायण धारपांचे मोठे काम तिथले. ग्रंथालयांत या तिन्ही प्रकारांची पुस्तके पुष्कळदा एकाच कपाटात सापडतात. मग नवल मागायला आलेल्या वाचकाच्या हाती भय पडते आणि आपल्याला हे जमत नाही असे त्याला वाटू लागते. शिफारशीची पहिली चूक इथेच होते.

मराठीला अद्भुताचा प्रकार परका नाही. छापील मराठी गद्य वयात येण्याआधीच, १८३० साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ आली. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाथमाधवांची ‘वीरधवल’ आणि गो. ना. दातारांच्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ या कादंबऱ्या घरोघर वाचल्या गेल्या. या पुस्तकांनी मराठी माणसाला जाड पुस्तक हातात धरायला शिकवले. हरि नारायण आपट्यांनी १८८५ पासून कादंबरी मध्यमवर्गीय घराच्या माजघरात आणली, ही मराठीची मोठी मिळकत होय. तिची एक किंमतही द्यावी लागली. पुढच्या समीक्षेने वास्तवाला मानाचे पान वाढले आणि अद्भुताला मुलांच्या पंगतीत बसवले. १९५२ पासून मराठीत येऊ लागलेल्या ‘चांदोबा’ने ती पंगत अनेक वर्षे सांभाळली. मोठ्यांसाठी मात्र फारसे कोणी लिहिले नाही, आणि आज नव्या वाचकाला मराठीतून काय द्यावे हा प्रश्न पडतो त्याचे मूळ या दुराव्यात आहे.

शेजारच्या हिंदीतला दाखला इथे महत्त्वाचा. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ साली आली. तिलिस्म (जादूचे भुलभुलैये) आणि ऐयार (वेषांतर करणारे हेर) यांनी भरलेली ही कादंबरी वाचता यावी म्हणून अनेकांनी देवनागरी लिपी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदले जाते. वाचायला येते म्हणून माणूस गोष्टीकडे जातो तसा गोष्ट हवी म्हणून वाचायलाही शिकतो. नव्या वाचकाला पुस्तक सुचवणाऱ्याने हा क्रम ध्यानात ठेवलेला बरा.

हा सल्ला ज्या नवी मुंबईसाठी आहे, तिथला नवा वाचक एका प्रकारचा नाही. माथाडी कामगाराच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी असते. बेलापूर, घणसोली, दिवाळे अशा मूळ गावांतला आगरी-कोळी तरुण असतो. घरातल्या म्हाताऱ्यांकडून त्याने खाडीच्या आणि भुताखेतांच्या गोष्टी पुष्कळ ऐकलेल्या असतात, पुस्तक मात्र अभ्यासापुरतेच उघडलेले असते. निवृत्तीनंतर वेळ मिळालेले गृहस्थ असतात. आणि इंग्रजी शाळेतला, मराठी फाडफाड बोलणारा पण मराठी ओळ अडखळत वाचणारा मुलगा तर जवळजवळ प्रत्येक सेक्टरमध्ये भेटतो. या चौघांना एकच ‘सर्वोत्तम दहा’ची यादी देणे म्हणजे चौघांनाही न पाहणे होय. नवलाची ओढ कुठून आली, हे आधी विचारायला हवे: आजीच्या कहाण्यांतून, पुराणातून, पडद्यावरून की खेळातून?

पुराणातून आलेल्या प्रौढ वाचकासाठी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) हा चांगला उंबरठा आहे. ती फँटसी म्हणून ओळखली जात नाही. पण बाप आपले म्हातारपण मुलाला देतो आणि त्याचे तारुण्य घेतो, हा व्यवहार वाचकाने एकदा मान्य केला की अद्भुताचा मुख्य करार त्याने केलेलाच असतो. पुढे अमीश यांची २०१० मधली मेलुहाची कादंबरी त्याला जड जात नाही.

किशोरांसाठी आणि पडद्यावरून आलेल्यांसाठी हॅरी पॉटरचा पहिला भाग आजही सर्वांत भरवशाचा आहे. त्याची कारणे प्रसिद्धीपलीकडची आहेत. पोरका मुलगा, मावशीचे घर, जिन्याखालची अडगळ, घरच्या मुलाला एक माप आणि याला दुसरे: हे समजायला कोणतीही तयारी लागत नाही. जादू येते तोवर वाचक त्या मुलाच्या बाजूने उभा राहिलेला असतो. मंजुल पब्लिशिंग हाउसने काढलेल्या मराठी आवृत्तीचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. या एका शब्दाकडे थोडे थांबून पाहावे. मूळ नावात तत्त्वज्ञाचा दगड आहे. शब्दाला शब्द ठेवला असता तर मराठी वाचकाला तो दगडच लागला असता. ‘परीस’ मात्र लोखंडाचे सोने करणारा म्हणून संतांच्या अभंगांपासून घरातल्या म्हणींपर्यंत वावरलेला आहे. मुखपृष्ठ पाहताच अर्धी ओळख पटते. त्याच कादंबरीतला नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश क्रमांकाचा फलाट घ्या. इंग्रजीत तो अपूर्णांक म्हणून विचित्र वाटतो. मराठीत त्याला ‘पावणेदहा’ हा रोजचा शब्द तयार आहे. वाशी किंवा नेरूळच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या मुलाला हे सांगितले की भिंतीतून आरपार जाऊन गाठायचा तो फलाट त्याच्याच स्टेशनात येतो. अनुवादित पुस्तक सुचवताना भाषेतल्या अशा जागा दाखवणे, हीसुद्धा शिफारसच.

टोल्कीनच्या बाबतीत चूक ठरलेली आहे: लोक थेट मोठी कादंबरी हाती देतात. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली, आणि तिच्या आरंभी हॉबिटांचे कूळ, त्यांच्या चालीरीती, त्यांची तंबाखू यांची लांब प्रस्तावना आहे. मुरलेला वाचक ती आनंदाने वाचतो. नवखा तिथेच पुस्तक मिटतो. मुग्धा कर्णिक यांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली, हे फार मोठे काम आहे. तरी ते पुस्तक दुसऱ्या वर्षाचे. पहिल्या वर्षी १९३७ सालची ‘द हॉबिट’ द्यावी. तिचे पहिलेच प्रकरण पाहावे. एका नीटनेटक्या, घरकोंबड्या गृहस्थाच्या दारी दुपारच्या चहाला न बोलावता एक बुटका येतो, मग दुसरा, मग जोडीजोडीने आणि घोळक्याने मिळून तेरा. कोणी केक मागतो, कोणी कॉफी. कोठीघर रिकामे होत जाते आणि यजमान सभ्यपणापायी नाही म्हणू शकत नाही. अचानक पाहुणे आलेल्या कोणत्याही मराठी घराला हा प्रसंग कळतो. अडचण एवढीच की तेरा नावे एकदम आदळतात. वाचकाला आधीच सांगून ठेवावे की थोरिन आणि लठ्ठ बोंबुर एवढे दोघे लक्षात राहिले तरी पुरते. बाकीचे पुढे आपोआप ओळखीचे होतात. असे एक वाक्य न सांगितल्यामुळे पुस्तके सुटतात.

ज्यांचे इंग्रजी मराठीपेक्षा सरावाचे आहे त्यांना आधी इंग्रजीच द्यावे, यात कमीपणा नाही. उर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) त्यांच्यासाठी उत्तम: आकाराने लहान, वाक्ये स्वच्छ, नायक तांबूस-सावळ्या वर्णाचा. त्या जगात प्रत्येक वस्तूचे एक खरे नाव असते आणि ते ज्याला कळते त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. रात्री सापाचे नाव घेऊ नये, त्याला ‘जनावर’ म्हणावे, असे ऐकत वाढलेल्या मुलाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. याउलट मालिका पाहून मार्टिन यांची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (१९९६) मागायला येणारे तरुण पुष्कळ असतात. पात्रांची गर्दी, क्रूरता आणि अपूर्णता या तिन्ही कारणांनी ती पहिली कादंबरी म्हणून अयोग्य ठरते. ठरलेल्या सातांपैकी पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि ग्रंथमालिका अजून पुरी झालेली नाही.

जी. ए. कुलकर्णींची ‘रमलखुणा’ मराठी अद्भुताचे शिखर मानायला हरकत नाही. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या तिच्यातल्या दोन्ही दीर्घकथा वेळ-काळ नसलेल्या प्रदेशात घडतात. शिखरावर पहिल्या दिवशी कोणाला नेऊ नये. त्याच लेखकाची ‘बखर बिम्मची’ आधी द्यावी: लहान मुलाच्या नजरेतले जग, हलकी भाषा, कुठूनही उघडता येणारे पान. जुन्या ‘वीरधवल’ची लांबलचक वाक्ये आज एकट्याने वाचणाऱ्याला दमवतात, पण मोठ्याने वाचून दाखवली तर तीच चढत्या लयीने पकड घेतात.

वाचनाच्या रीतीबद्दल थोडे. या शहराचा वाचनाचा मोठा वेळ लोकलमध्ये आहे. वाशीहून मुंबईला जाताना एक-दोन प्रकरणे सहज होतात. म्हणून छोट्या प्रकरणांचे पुस्तक आधी द्यावे. पहिली तीस पाने सुचवणाऱ्याने स्वतः ताजी वाचलेली असावीत. शक्य तर पहिले प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे, कारण अद्भुत आपल्याकडे कानांवाटेच आले आहे. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभे केले तेव्हा आरडाओरडा करीत रंगमंचावर येणारे राक्षस पाहायला आलेल्यांना अक्षरओळखीची गरज पडली नव्हती.

ग्रंथपालांकडे आणि शिक्षकांकडे एकच मागणे आहे. पुस्तक अर्धवट परत आले तर सारांश विचारू नये, बोल लावू नये. कितव्या पानावर थांबलात एवढे विचारून ते कार्डावर लिहून ठेवावे आणि त्याच वेळी, त्या पानाला धरून, दुसरे पुस्तक हाती द्यावे.