सर्वांत खालचा कप्पा
(विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आज मी ब्रिटनमधल्या सुपरमार्केटबद्दल बोलणार आहे. तिथला स्वस्त पास्ता महागला की संपला, याच्याशी आपलं काय देणंघेणं, असं तुम्हाला वाटेल. पण सरकार महागाई मोजतं तेव्हा ती नेमकी कोणाच्या घरातली मोजतं, हा प्रश्न तिथे एका पास्त्याच्या पाकिटावरून जाहीरपणे विचारला गेला. तो प्रश्न आपलाही आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. तिथल्या मोठ्या दुकानसाखळ्या नामांकित कंपन्यांच्या मालाशेजारी स्वतःच्या ब्रँडचा मालही विकतात. त्यात एक सर्वांत स्वस्त श्रेणी असते: पाव, तांदूळ, पास्ता, डब्यातले बीन्स. टेस्कोने 1993 मध्ये 'व्हॅल्यू' आणली, पांढऱ्या वेष्टनावर निळे पट्टे असलेली. अॅस्डाची 'स्मार्ट प्राइस' होती, सेन्सबरीजची 'बेसिक्स'. टेस्कोने 2012 मध्ये 'व्हॅल्यू'चं नाव आणि रूप बदललं. 2016 पासून शेतमळ्यांची नावं असलेले ब्रँड आणले; त्यातले काही मळे फक्त वेष्टनावरच होते. पुढे 'बेसिक्स'ही गेली. यामागे व्यापाराचं गणित होतं. स्वस्त मालावर नफा कमी सुटतो, मांडणीवर जागा मात्र तेवढीच लागते. शिवाय आल्डी आणि लिडल या जर्मन साखळ्यांशी स्पर्धा होती.

जानेवारी 2022 मध्ये तिथला अधिकृत महागाई दर 5.4 टक्के जाहीर झाला. कमी पैशांतल्या स्वयंपाकावर लिहिणाऱ्या आणि स्वतः गरिबीत दिवस काढलेल्या जॅक मन्रो यांनी त्यावर आपल्या जवळच्या दुकानातले भाव मांडले. वर्षभरापूर्वी 500 ग्रॅमचा सर्वांत स्वस्त पास्ता 29 पेन्सला मिळत होता. आता तो तिथे नव्हता, आणि उरलेल्यांत सर्वांत स्वस्त होता 70 पेन्सचा.

इथे जरा थांबा. 29 पेन्सच्या पाकिटाचा भाव वाढला, असं मन्रो म्हणत नव्हत्या. ते पाकीटच मांडणीवर नव्हतं. मधल्या कप्प्यातून घेणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. तो महाग वाटलं तर एक पायरी खाली उतरतो. जो आधीच शेवटच्या पायरीवर उभा आहे, त्याला खाली पायरीच नाही. त्याला वरच चढावं लागतं, आणि त्याच्यासाठी ती वाढ 141 टक्क्यांची होते.

बोभाटा झाला. फेब्रुवारीत अॅस्डाने आपली स्वस्त श्रेणी सगळ्या, म्हणजे 581, दुकानांत ठेवण्याचं जाहीर केलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानेही 30 रोजच्या खाद्यवस्तूंचे सर्वांत कमी भाव वेगळे मोजले. मे 2022 मध्ये आलेला निष्कर्ष आपण प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. एप्रिल 2021 ते एप्रिल 2022 या वर्षात या वस्तूंची सरासरी वाढ अधिकृत अन्नमहागाईच्या जवळपासच, 6 ते 7 टक्के होती. म्हणजे सगळंच स्वस्त अन्न कित्येक पटींनी महागलं, असं चित्र नव्हतं. पण त्याच सरासरीच्या पोटात पास्ता 50 टक्क्यांनी वाढला होता आणि बटाटा 14 टक्क्यांनी उतरला होता. सप्टेंबर 2022 पर्यंतच्या वर्षात हीच सरासरी 17 टक्क्यांवर गेली. खाद्यतेल तर 65 टक्क्यांनी वाढलं. पुढे अल्बेर्तो कावाल्लो आणि ओलेक्सी क्रिव्हत्सोव्ह या अर्थतज्ज्ञांनी दहा देशांतले भाव तपासले. महागड्या ब्रँडांपेक्षा स्वस्त ब्रँडांचे भाव 1.3 ते 1.9 पट वेगाने वाढले होते.

दोन गोष्टी या आकड्यांत दिसत नाहीत. पहिली, अंतर. 'विच?' या ग्राहक संघटनेने दाखवून दिलं की याच साखळ्यांच्या वस्तीतल्या छोट्या दुकानांत स्वस्त श्रेणी जवळपास मिळतच नव्हती. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला स्वस्त माल घ्यायला बसभाडं मोजावं लागतं. दुसरी गोष्ट, लाज. अॅस्डाने 2022 मध्येच नवी स्वस्त श्रेणी आणली ती भडक पिवळ्या वेष्टनात, आणि त्यावर टीकाही झाली. पिशवीतला पिवळा रंग लांबूनच सांगतो की घरात किती पैसे आहेत. महाराष्ट्रात ज्यांच्या घरी पिवळं रेशनकार्ड आहे, त्यांना हे फोड करून सांगायला नको.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे शेतमजुरांसाठी वेगळा ग्राहक किंमत निर्देशांक आहे. मनरेगाची मजुरी वर्षानुवर्षं त्याच्याच आधारे वाढवली गेली. 2025 पर्यंत त्याचं आधारवर्ष 1986-87 होतं, आणि कोणत्या वस्तूला किती भार द्यायचा हे 1983 च्या खर्चाच्या पाहणीवरून ठरलेलं होतं. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी मजुराच्या घरात जे शिजत होतं, त्या ताटावरून त्याची आजची मजुरी ठरत होती. कोणाचं ताट मोजलं जातं, यावर कोणाच्या हातात किती पैसे पडतात हे ठरतं.

बाबासाहेबांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध लंडनमध्ये लिहिला, 1923 मध्ये तो प्रसिद्ध झाला. चलनावरच्या त्या जड चर्चेतही मजूर त्यांच्या नजरेतून सुटला नाही. भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही, म्हणून रुपया घसरल्यावर एका वर्गाला होणारा नफा मजुराच्या खिशातून येतो, हे त्यांनी तिथे मांडलं.

इथे बसलेले आपण बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर. निर्देशांक कसा काढतात हे आपल्याला वर्गात शिकवलं गेलं, आणि सुटं तेल किती रुपयांचं आणायचं हे घरात. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असणारी माणसं आकडे ठरवणाऱ्या कार्यालयांत फार कमी पोचतात.

म्हणून एक काम सुचवते. आपापल्या वस्तीत दहा वस्तू निवडा. दर महिन्याला प्रत्येकीचा सर्वांत कमी भाव लिहा. पाकिटाचं वजन लिहा, कारण दहा रुपयांचा पुडा दहाचाच राहतो, आतला माल घटतो. ती वस्तू किती लांब मिळाली तेही लिहा. आणि जी या महिन्यात मिळालीच नाही, तिच्यासमोरची जागा कोरी सोडू नका. 'मिळाली नाही' असं स्पष्ट लिहा. मन्रो यांनी नोंदवलं ते एवढंच, आणि त्याची दखल एका देशाच्या सांख्यिकी कार्यालयाला घ्यावी लागली.