ड्रायर फिरेनासा होतो तेव्हा

हिंदीच्या पूर्वेकडील बोलींत ‘बोरसी’ म्हणजे विस्तव ठेवण्याचे मातीचे भांडे. छत्तीसगडात त्यालाच ‘गोरसी’ म्हणतात. दुर्ग-भिलाई या जोडशहरांतील बोरसी नावाच्या वस्तीला हे नाव त्या भांड्यावरूनच पडले असे कोणी समजू नये. गावांच्या नावांचा उगम इतका सरळ क्वचितच असतो. परंतु आषाढ-श्रावणात, शिवनाथ नदी भरून वाहत असताना, तेथील एखाद्या घरात पाऊल टाकले की त्या शेगडीची आठवण होते खरी. दोरीवरचे धोतर दोन-दोन दिवस ओलसर राहते आणि तान्ह्या मुलाची दुपटी तर कधी पुरतच नाहीत. पूर्वी शेगडीवर वेताची टोपली पालथी घालीत आणि तिच्यावर ही दुपटी वाळवीत. महाराष्ट्रातील बाळंतिणीच्या खोलीतही हेच दृश्य असे. अमेरिकेतील ओहायो राज्याचा रहिवासी जॉर्ज सॅम्प्सन याने ७ जून १८९२ रोजी कपडे वाळवण्याच्या ज्या साधनाचे पेटंट मिळवले, तेही चुलीच्या उबेत कपडे धरणाऱ्या चौकटीचेच होते. टोपलीची कल्पना सातासमुद्रापलीकडेही सुचली होती, एवढाच त्याचा अर्थ.

आज बोरसीतील मध्यम स्थितीच्या घरात शेगडीच्या जागी दोन टबांचे धुलाईयंत्र उभे असते. एका टबात कपडे धुतले जातात. शेजारचा अरुंद टब तो ‘ड्रायर’. हे नाव मात्र फसवे आहे. तो कपडे वाळवीत नाही, पिळतो. त्यातील भोकांची पाटी मिनिटाला तेराशे-चौदाशे फेऱ्या घेते. पाटीची त्रिज्या वीतभराहून कमी असली, तरी या वेगामुळे कपड्यातील पाण्यावर त्याच्या वजनाच्या दोनशे पटींहून अधिक जोर पडतो आणि ते भोकांतून बाहेर फेकले जाते. यातली काटकसर विलक्षण आहे. एक किलो पाण्याची वाफ करावयाची तर सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता लागते. मग ती सूर्याने द्यावी की विजेने, हा प्रश्न निराळा. उलट दोनशे वॉटची मोटर पाच मिनिटे चालली, तर युनिटाचा जेमतेम साठावा भाग खर्च होतो. गरम हवेने खरोखर वाळवणारी यंत्रेही मिळतात. पण त्यांचे वीजबिल पाहून पुष्कळ गृहिणी दोरीच बरी म्हणतात, आणि त्यांचे चुकते असे नाही.

हे यंत्र बिघडते तेव्हा काय होते, हे पाहण्यासाठी बोरसीतील एका घराची कल्पना करावी. घरचे वडीलधारे गृहस्थ पोलाद कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतर देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे आली आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती. हे गृहस्थ त्यांच्याच दुसऱ्या पिढीतले. घरात पत्नी, मुलगा, सून, चार वर्षांचा एक नातू आणि तीन महिन्यांची नात.

श्रावणातल्या एका सकाळी सुनेने ड्रायरचे बटण फिरवले. आतून नुसता घूंऽऽ असा आवाज आला आणि पाटी जागची हलली नाही. तिने ते तत्काळ बंद केले, हे फार चांगले केले. अडून बसलेली मोटर फिरत्या मोटरीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते. तो आवाज ऐकत दहा मिनिटे विचार करीत बसणाऱ्याची कॉइल जळते, आणि मग किरकोळ दुरुस्ती भारी होते. मुलगा म्हणाला, “बाबा, जुने झाले आहे, नवेच आणू.” वडील उठले, पेचकस घेऊन पाठीमागची पत्र्याची पाटी सोडवू लागले. तेव्हा सुनेनेच विचारले, “बाबा, प्लग काढलात का?”

प्लग काढला नव्हता. उभी हयात ज्याने वीजपुरवठा तोडल्याची लेखी परवानगी हाती आल्यावाचून कारखान्यातील एकाही यंत्राला हात लावला नाही, तोच माणूस घरच्या मोरीत, ओल्या फरशीवर, जिवंत तारांसमोर बसतो. असे का व्हावे? कदाचित घरातले यंत्र आकाराने लहान म्हणून धोकाही लहान वाटत असेल. भिंतीतली वीज मात्र असा भेद करीत नाही. नुसते बटण बंद करणेही पुरेसे नव्हे. प्लग खोक्यातून बाहेर काढून डोळ्यांसमोर ठेवावा. शिवाय मोटरीच्या जोडीला जो कपॅसिटर असतो, जुने कारागीर ज्याला कंडेन्सर म्हणतात, तो प्लग काढल्यावरही काही काळ विद्युत् भार धरून ठेवू शकतो. त्याच्या टोकांना बोट लावू नये.

आता घूं घूं करणाऱ्या पण न फिरणाऱ्या मोटरीचे निदान. प्लग काढल्यावर झाकण मिटलेले असताना ब्रेक सुटलेला असतो. तेव्हा झाकणाजवळची तार कारागिरासारखी ओढून धरावी आणि पाटी हाताने फिरवून पाहावी. ती सैल, निर्वेध फिरली तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. घरात येणारी वीज एकेरी प्रवाहाची असते. तिच्यामुळे मोटरीत निर्माण होणारे चुंबकत्व मागेपुढे होते, पण गोल फिरत नाही. त्यामुळे कोणत्या दिशेने निघावे हे मोटरीला ठरवता येत नाही. दुसऱ्या गुंडाळीतून, कपॅसिटरच्या मार्गाने, थोडा आगेमागे सरकलेला प्रवाह दिला म्हणजे ती दिशा ठरते. कपॅसिटर निकामी झाला की मोटर जागच्या जागी थरथरते. अशा वेळी काही धाडसी लोक वीज चालू ठेवून पाटीला हाताने धक्का देतात. ती फिरते हे खरे. पण क्षणार्धात तिच्या काठाचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या घरात जातो, आणि हात तेथेच असतो. कपॅसिटर स्वस्त असतो. फक्त जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा आणि व्होल्टेज पाहून तसाच नवा बसवावा.

पाटी जड फिरली तर मात्र दोष विजेत नसून यंत्राच्या अंगात आहे. ब्रेकचा जोड चिकटलेला असेल. तळाचे रबरी सील फाटून पाणी खाली झिरपले असेल आणि बेअरिंग गंजले असेल. तेव्हा आवाजही खरखरीत येतो. पावसाळ्यात उघड्या तळातून उंदीर शिरतात आणि तारा कुरतडतात, तोही एक प्रकार आहे, पण त्यात पाटी जड होत नाही, यंत्रच मुके होते. या घरात पाटी जड होती, आणि फिरवताना आत काहीतरी घासत होते. टबाच्या तोंडावरील कडे काढून, तारेचा आकडा करून गृहस्थांनी फटीत घातला. बाहेर आले ते नातीचे एक टोपडे. फिरता फिरता ते काठावरून उडाले होते आणि पाटी व बाहेरचा टब यांच्यामध्ये जाऊन बसले होते. कपड्यांवर दाबून बसवण्याची प्लॅस्टिकची चकती वापरली असती तर हे घडले नसते. ती चकती कित्येक घरांत पहिल्याच महिन्यात माळ्यावर जाते.

टोपडे निघाले, पाटी फिरू लागली. परंतु मिनिटभराने ती थांबली. झाकणाला हात लावताच पुन्हा सुरू झाली. झाकणाखाली एक लहान स्विच असतो. झाकण बसले की तो जुळतो, उघडले की तुटतो. त्याच वेळी तारेने बांधलेला ब्रेक पाटीला पकडतो. या स्विचच्या पट्ट्या झिजल्या होत्या. गल्लीतल्या कारागिराला बोलावले. त्याने पाहिले आणि सांगितले, हा भाग आज दुकानात नाही, दोन तारा एकमेकींना जोडून देतो, पाच मिनिटांचे काम, झाकण असो-नसो मशीन चालेल. त्यात त्याची लबाडी नव्हती. पावसात कपडे साठलेल्या घराला तो त्याच्या परीने मदतच करीत होता, आणि असे जोड अनेक घरांत वर्षानुवर्षे चाललेलेही असतात.

मुलाला ते पटले. सासूबाईही म्हणाल्या, “आज दुपटी तरी पिळून होतील.” गृहस्थ काही बोलले नाहीत. नातू यंत्राशेजारी स्टुलावर चढून आत डोकावत होता; फिरणारी पाटी पाहण्याचा त्याला नाद. त्यांनी त्याला खाली उतरवले आणि कारागिराला सांगितले, “तारा जोडू नका. भाग येईल तेव्हा या.” मग ब्रेकची तारही तपासून घेतली. झाकण उघडल्यावर काही क्षणांत पाटी पूर्ण थांबली पाहिजे. फिरतच राहिली तर तार तुटली आहे किंवा ब्रेकचा जोड झिजला आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत यंत्र वापरणे बंद ठेवावे. तीन कांड्यांच्या प्लगमधील अर्थिंगची तार खरोखर जमिनीशी जोडलेली आहे की नुसतीच लोंबते आहे, हेही त्याच भेटीत कारागिराकडून पाहून घेतले. ती लोंबतच होती.

भाग चौथ्या दिवशी आला. तोवर घरात सर्वांनी हातांनी पिळले, खोलीत दोऱ्या बांधल्या, पंख्याखाली दुपटी पसरली. मुलाने एकदोनदा नव्या यंत्राच्या जाहिरातीचे पान उघडून पाहिले आणि मिटले. नवा स्विच बसल्यावर सुनेने झाकण लावले, पाटीने वेग घेतला, निळ्या नळीतून पाणी भळाभळा मोरीत आले. अर्ध्यावर तिने मुद्दाम झाकण उचलले. गृहस्थ मोठ्याने अंक मोजू लागले. सातावर पाटी थांबली. “आणखी एकदा,” नातू म्हणाला.