मंजुरी झाली, पुढे काय?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत ओढ्यावरच्या पुलाचा विषय निघाला. कठडा तुटलाय, स्लॅबखालून गंजलेले गज दिसतात आणि पोरं त्याच पुलावरून शाळेत जातात. एक ताई म्हणाल्या, "ठेकेदाराला काम मंजूर झालंय म्हणे. आता कशाला बोलायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पुण्याला परत येताना मात्र मला कुंडमळा आठवला.

कुंडमळा आपल्याच जिल्ह्यातला, मावळ तालुक्यात. १५ जून २०२५, रविवारची दुपार. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास माणसं जखमी झाली. पूल धोक्याचा आहे हे आधीच माहीत होतं. नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये मंजूर होते, काम सुरू करण्याचा आदेशही काही दिवस आधी निघाला होता. कागद पुढे गेला होता, पण माणसं जुन्याच पुलावर उभी होती.

सावित्री नदीचंही तसंच आठवा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा १९२८ सालचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. त्यानंतर वर्षाच्या आतच तिथे नवा पूल उभा राहिला. म्हणजे मनावर घेतलं तर काम होतं. त्यासाठी माणसं जायची वाट कशाला बघायची?

आपल्या गटात काय होतं? शेळीसाठी कर्ज मंजूर केलं की आपण वहीत ठराव लिहितो. पण कर्ज मंजूर झालं म्हणजे शेळी दारात आली असं नाही. म्हणून आपण जाऊन बघतो. पुलाचंही तसंच करायचं.

आधी पूल कोणाचा ते विचारा: ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा. शहरात महापालिकेचा असेल, तर मोठा ठेका स्थायी समितीपुढे मंजुरीला येतो. मग चार गोष्टी विचारा. पुलाची तपासणी कोणी केली आणि त्यात कोणते दोष निघाले? ठेक्यात तेच दोष दुरुस्त करायचे आहेत, की नुसता रंग आणि डांबर? काम सुरू कधी, पूर्ण कधी? आणि नंतर पुन्हा बिघडलं, तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने किती वर्षं दुरुस्त करून द्यायचं?

उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या ताईंना तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नुसते कागदच नाही, तर चालू कामाची पाहणी करायचा आणि मालाचे प्रमाणित नमुने मागायचाही हक्क या कायद्याने आपल्याला दिलाय.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: दुरुस्ती होईपर्यंत काय? पूल बंद करा म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. वळसा पडतो, डेअरीला दूध वेळेवर पोचत नाही, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं कसं हा प्रश्न येतो. म्हणून जड गाड्या थांबवायला आडवा खांब, पूर आला की पहारा आणि तोवर दुसरी वाट, हे ग्रामसभेत मागा आणि ठरावात लिहून घ्या.

त्या गटाच्या पुढच्या बैठकीत मी माझी चूक कबूल केली. मग दोघी-तिघींनी मिळून तिथेच अर्ज लिहिला. "मंजूर झालंय" म्हणणाऱ्या ताईंनीच पहिली सही केली.

तुमच्या वाटेवर कोणता पूल आहे? या आठवड्यात त्याच्याखाली एकदा वाकून बघा. तडे, उघडे गज, फटीत उगवलेला पिंपळ, जे दिसेल ते तारखेसह गटाच्या वहीत लिहा.